शेजाऱ्यांना परिचित नाही

गेल्या उन्हाळ्यात माझं चारित्र्य काही आठवडे पोलीस चौकीत पडून होतं. चोरीला गेलं नव्हतं. मीच नेऊन दिलं होतं, रीतसर अर्ज करून. ते परत मिळेपर्यंत जे झालं ते लिहून ठेवावं म्हणून आज उन्नतीच्या दुपारच्या झोपेत बसले आहे. उन्नती माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. तिची झोप म्हणजे उकळायला ठेवलेलं दूध, नजर हलली की गेलीच. कुकरची शिट्टी, कुरिअरवाल्याची बेल, समोरच्या विंगमध्ये बारा महिने चालू असलेलं ड्रिल, यातलं काहीही तिला उठायला पुरतं. तेव्हा एखादं वाक्य मध्येच तुटलं तर माझ्या भाषेला नावं ठेवू नका.

तर त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. ही काही बातमी नव्हे. वसईत राहून पाणी शिरल्याचं कौतुक सांगणाऱ्याकडे लोक नवखा म्हणून बघतात. बातमी होती ती पाणी ओसरल्यावरची. तळमजल्यावरच्या थेरेसा टीचर ओला गाऊन पिळत जिन्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी खिडकीत चढून मदत मागत होते, नि वरून सहा जणं माझा व्हिडिओ काढत होते. मोठ्यांचं काय खरं नाय. आता पोरांनाच शिकवायला पाहिजे."

थेरेसा टीचर मूळच्या निर्मळच्या. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे त्यांनी म्हटलं की ते होतंच. उन्हाळा लागता लागता आमचं 'बाल मदत पथक' उभं राहिलं. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मुलं जमायची. चादरीचं स्ट्रेचर कसं करायचं, दोराला गाठ कशी मारायची, रिकामे कॅन बांधून तराफा कसा करायचा, पाणी चढलं की आधी कोणाचं दार वाजवायचं. शिकवायला टीचर, मी, आणि तिसऱ्या मजल्यावरचा विघ्नेश.

विघ्नेश म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर राहणारा भाडेकरू. वालीवला फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात दुपारच्या शिफ्टला जातो. केसांचा मागे अंबाडा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला ऑक्टोपस. शिवाय बॅचलर. आमच्या सोसायटीत हा शब्द 'वाळवी' म्हणताना लागतो तसा आवाज काढून उच्चारतात. मुलं मात्र त्याच्यावर जीव टाकायची. ऑक्टोपसच्या एकेका हाताला एकेका गाठीचं नाव दिलं होतं त्यांनी. तराफ्याला लावायला त्याने कारखान्यातून फायबरचे उरलेसुरले तुकडे मागून आणले, कडा घासून, कोणाला लागू नयेत अशा गुळगुळीत करून.

आता माझं. आई झाल्यापासून मला जगात फक्त धोके दिसतात. प्लगची भोकं, अख्खं द्राक्ष, गॅलरीतली खुर्ची. उन्नती रांगायला लागली तेव्हा मी घरभर गुडघ्यांवर फिरून तिच्या उंचीवरून काय काय दिसतं ते पाहिलं होतं. त्यामुळे आयांच्या एका ग्रुपवर 'मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकांची पडताळणी करता का?' असा मेसेज आला, तेव्हा मी तो भाजी करपेपर्यंत वाचला आणि पुढच्या मीटिंगमध्ये उभी राहिले.

छान बोलले मी. 'बालसुरक्षा' म्हटलं, 'जबाबदार पालकत्व' म्हटलं, 'आपण कोणावर संशय घेत नाही आहोत' असंही म्हटलं. मुद्दा बरोबर होता. आजही बरोबरच आहे आणि त्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. फक्त 'प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी' हे शब्द तोंडातून बाहेर पडताना माझे डोळे मागच्या बाजूला, उभ्या केलेल्या स्कूटरवर टेकून बसलेल्या विघ्नेशकडे गेले. आणि माझे गेले म्हणून सगळ्यांचे गेले.

विघ्नेशने टेकणं सोडलं, सरळ उभा राहिला. "बरोबर आहे ताई," म्हणाला. "करून टाकू."

सेक्रेटरी दिनानाथ काका तर खूश झाले. त्यांना तिसऱ्या मजल्यावर 'फॅमिली' हवी होती. "उत्तम सूचना! भाडेकरूंची पडताळणी झालीच पाहिजे."

"भाडेकरूंची तर झालेलीच असते काका," विघ्नेश म्हणाला. "करार करताना झाली, कारखान्यात लागताना झाली. परत करतो, काय नाय त्यात."

हे खरं होतं. आमच्या अख्ख्या इमारतीत पोलिसांनी तपासून पाहिलेला माणूस होता तो एकटाच. आम्ही सगळे पडलो मालक. आम्हाला आजवर बँकेशिवाय कोणी तपासलं नव्हतं.

"नियम केला ना? मग तो सगळ्यांना," थेरेसा टीचर म्हणाल्या. "मलाबी. माझं पॅरिशच्या युवा मंडळासाठी केलेलं हाय, ते दाखवीन. आनि बाय, तुलाबी."

"हो, अर्थातच," मी हसून म्हटलं. त्या हसण्यात थोडी गंमत होती. माझी पडताळणी! जशी काही दुधात पाणी आहे का हे बघायला गाईचीच झडती.

त्याच दुपारी मी नियम लिहिला: 'पोलीस पडताळणी पूर्ण न झालेल्या व्यक्तीने सरावाच्या वेळी रेघेच्या आत येऊ नये.' त्याला प्लास्टिक चढवून आणलं, खांबाला लावलं, आणि पार्किंगमध्ये खडूने रेघही मीच मारली. ठळक. अभिमानाने मारलेल्या रेघा नेहमीच ठळक येतात.

चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होता, म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. माझं लग्नाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर, आणि आधारवर दोन्हींच्या मधलं काहीतरी. समोरच्या दारातल्या सुनंदा काकू म्हणाल्या, "स्वतः करू नकोस गं. आमच्या भाच्याने स्वतः केला, तर त्याच्या वडिलांच्या जागी त्याचंच नाव गेलं. तळ्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जा." नवरा म्हणाला, "पडताळणी मागणारी तूच, आता भोग." वेदांतचा पाठिंबा साधारण असाच असतो, तोंडात टूथब्रश असताना दिलेला.

झेरॉक्सवाल्याने भराभर सगळं भरलं आणि एका रकान्यापाशी अडला. "मॅडम, प्रमाणपत्र कशासाठी पाहिजे?"

"स्वयंसेवा. लहान मुलांचं आपत्कालीन पथक आहे."

"सेवा यात कुठेच नाय. नोकरी आहे, परदेश आहे, सुरक्षा रक्षक आहे. तुम्ही पोरांचं रक्षणच करता ना? मग रक्षक टाकतो."

मागे रांग होती, उन्नती त्याच्या स्टेपलरकडे हात नेत होती, आणि खरं सांगायचं तर मला ते जरा काव्यमयही वाटलं. मुलांची रक्षक. मी म्हटलं, "टाका."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. उन्नतीचे डोळे नुकते मिटत आले होते. तिला कडेवर घेऊन, साखळी न काढता मी दार फटीएवढं उघडलं. बाहेर खाकी वर्दी.

हा क्षण नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी पदवीधर आहे. कायद्याला मानणारी आहे. पोलीस आपले मित्र असतात असं मी उन्नतीला पुस्तकातलं चित्र दाखवून सांगितलेलं आहे. पण दारात खाकी दिसल्याबरोबर माझ्या आत पिढ्यान्‌पिढ्या दडून बसलेलं कोणीतरी जागं झालं आणि त्याने माझी जीभ ताब्यात घेतली.

"वरच्या मजल्यावरचा मुलगा, विघ्नेश," हवालदार म्हणाले, "त्याने अर्ज केलाय. ओळखता का त्याला? कसा आहे?"

"नाही हो," मी म्हटलं. "आम्हाला काही माहीत नाही. आम्ही कोणात नसतो."

"तुमच्या डोक्यावर राहतो मॅडम."

"असेल. पण परिचय असा नाही."

दार लावलं. उन्नतीने विचारलं, "आई, विघ्नेशदादा हरवला?" मी "शूऽऽ" म्हणून तिला थोपटायला लागले. मनाला वाईटबिईट काही वाटलं नाही. उलट शहाणपणाने वागल्यासारखं वाटलं. तपास चालू असताना आपण मध्ये बोलू नये, असं काहीतरी मी वेदांतला संध्याकाळी सांगितल्याचं आठवतं.

माझी चौकशी झाली तेव्हा मी घरी नव्हते. निर्मळला गेले होते, स्कूटरवर, उन्नतीला पुढे उभी करून. तिथल्या वाड्यांमधून केळ्यांचा घड घ्यायचा, अबोलीचा गजरा घ्यायचा, देवळापाशी उन्नतीला गोल गोल पळू द्यायचं, हे आमचं सुख. परत आले तर फाटक बंद. हॉर्न वाजवला. वॉचमन तिवारीजी खुर्चीतून हलले नाहीत. पाच वर्षं हा माणूस माझी स्कूटर कोपऱ्यावर दिसली की धावत येऊन फाटक उघडायचा.

"क्या हुआ तिवारीजी?"

"आप ही खोल लीजिए, मॅडमजी," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "अब तो आप ही को खोलना है."

वर गेले तर जिन्यात सुनंदा काकू. चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला जाताना असतो तो भाव. "अगं क्षितिजा, वेदांतची नोकरी गेली आणि तू बोललीही नाहीस?"

हळूहळू उलगडलं. हवालदार येऊन गेले होते. 'या बाई सुरक्षा रक्षकाच्या नोकरीला लागणार आहेत, कशा आहेत?' असं त्यांनी दारोदार विचारलं होतं. एवढ्यावर संध्याकाळपर्यंत वेदांतची नोकरी गेली, आमचा हप्ता थकला, आणि तिवारीजींच्या जागी माझी नेमणूक पक्की झाली. बी विंगमधल्या एका वहिनींनी तर डबाभर थालीपीठं पाठवली. ती आम्ही खाल्ली, हेही इथे कबूल करते. खरपूस होती.

पण थालीपीठांनी भागणार नव्हतं. चौकीत फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तुमच्यावर शेरा आलाय. शेजाऱ्यांना परिचित नाही."

परिचित नाही! मी सुनंदा काकूंचं दार अक्षरशः बडवलं. "काकू, तुम्ही काय सांगितलंत पोलिसांना?"

"मी? मी काहीच नाही सांगितलं. म्हटलं, दार बंद असतं आमचं, समोर कोण राहतं कल्पना नाही."

माझ्या डाळीत हिंग कमी पडलंय हे वासावरून सांगणारी बाई ही. मी तशीच दिनानाथ काकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला. "मी कायदेशीर भूमिका घेतली. सभासदांच्या वैयक्तिक चारित्र्याची जबाबदारी सोसायटी घेत नाही." पार्किंगमध्ये वाहनांबद्दल जी पाटी आहे, तीच त्यांनी मला लावली होती. तिवारीजींनी तर 'नई आई हैं' असं सांगितलं होतं म्हणे. सूडाने.

परत येऊन मी काकूंच्या सोफ्यावर बसले आणि मला रडूच फुटलं. "लोक असे कसे वागू शकतात हो? पाच वर्षं समोरासमोर राहतो आपण. एक शब्द बोलायचा होता फक्त. ओळखते म्हणायचं होतं."

"अगं, पोलीस होते ते!" काकू मला पाणी देत म्हणाल्या. "पोलिसांना आधी नाही म्हणायचं असतं. तसं सगळेच म्हणतात." मग जरा थांबून, अगदी सहज, शेंगा सोलताना बोलावं तशा म्हणाल्या, "तू नाही का म्हणालीस त्या विघ्नेशच्या वेळी? परिचय असा नाही म्हणून. मी दाराच्या भिंगातून बघत होते ना."

मी पेला तसाच त्यांच्या हातात परत दिला.

त्यानंतरच्या रविवारी खांबावर माझ्या नियमाच्या शेजारी नवा कागद लागला होता. दिनानाथ काकांची भाषा: 'तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूबाबत पोलिसांचा शेरा समाधानकारक नसल्याने कराराच्या नूतनीकरणास संमती देता येत नाही.' विघ्नेशचे अकरा महिने त्या महिन्याच्या अखेरीला संपत होते. त्याचा शेरा माझ्यासारखाच होता, शब्दाला शब्द. मला त्या चौकशीतून थालीपीठं मिळाली होती. त्याचं घर जात होतं.

रेघेच्या आत थेरेसा टीचर एकट्या आणि सगळी मुलं. रेघेच्या बाहेर, अंगठे रेघेला लावून, विघ्नेश आणि मी. मुलं स्ट्रेचर उचलत होती. स्ट्रेचरवर जखमी म्हणून उन्नती, कारण ती सगळ्यांत हलकी आणि तिला मरायला फार आवडतं. एकदा चादर तिरकी झाली आणि मी पुढे धावले. जखमी ताडकन उठून बसली. "आई! रेऽघ!"

मी मागे सरले.

"गाठ उलटी बसलीय, दुसऱ्या हाताची मारा!" विघ्नेशने बाहेरूनच ओरडून सांगितलं. आत कोणीतरी विचारलं, "दादा, तू ये ना." त्याने नुसता हात वर केला. ऑक्टोपसचा.

"तुमचापण परिचित नाहीच आला ना ताई?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो." मग म्हटलं, "विघ्नेश, तुमच्या वेळी हवालदार आमच्याकडे आले होते. मी..."

"माहितीय ताई. मी जिन्यातच होतो."

"जिन्यात?"

"मीच घेऊन आलेलो त्यांना वर. त्यांनी विचारलं, तुला इथे कोण ओळखतं? मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या ताई ओळखतात." तो हसला. ओशाळून हसला, जसं काही चूक त्याचीच होती. "आपण समोर असलो तर माणूस मोकळं बोलत नाय, म्हणून चार पायऱ्या खाली थांबलो."

मला वाटलं पार्किंगमध्ये आत्ताच्या आत्ता पाणी शिरावं. टीचर व्हिडिओ काढायला मोकळ्या.

"सातिवलीला एक खोली बघितलीय," तो पुढे म्हणाला. "गोडाऊनच्या वर आहे. पंखा आहे तिथे."

'पंखा आहे' हे त्याने मला दिलासा द्यावा तसं सांगितलं.

सोमवारी उन्नतीला घेऊन मी चौकीत गेले. तेच हवालदार होते. "मला विघ्नेशबद्दल सांगायचं आहे," मी म्हटलं. "मी त्याला ओळखते."

"मागच्या वेळी तर नाही म्हणालात."

"घाबरले होते."

"कोणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःकडे, मग चहाच्या ग्लासाकडे. "बरं, सांगा. गाव कुठलं त्याचं?"

मला माहीत नव्हतं.

"आडनाव?"

बेलच्या खाली लिहिलेलं असतं. मी कधी वाचलं नव्हतं.

"घरी कोण कोण?"

माझ्या मांडीवर उन्नती म्हणाली, "ऑक्टोपस आहे." हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही खरंच ओळखत नव्हता. पहिल्या वेळी बरोबर सांगितलं होतंत."

"तो चांगला आहे," असं काहीतरी मी पुटपुटले.

"आणि अजून एक. तुमचा स्वतःचाच शेरा 'परिचित नाही' आहे. ज्याला कोणी ओळखत नाही त्याने दुसऱ्याची ओळख द्यायची, असं कसं चालेल? आधी तुम्हाला ओळखणारं कोणी आणा."

मी घरी गेले आणि सुनंदा काकूंना अक्षरशः हाताला धरून आणलं. वाटेत स्कूटरवर त्या माझा खांदा पकडून सारखं म्हणत होत्या, "मी आजवर चौकीची पायरी चढले नाही गं, आमच्या ह्यांना कळलं तर?" खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पदर मुठीत धरून. हवालदारांनी विचारलं, "यांना ओळखता?"

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि सुरू झाल्या.

"हिला मी ओळखणार नाही तर कोण? सकाळी उजाडायच्या आत हिचा मिक्सर. डाळीत हिंग कमी घालते, दोनदा सांगून झालंय. कपडे वाळत घालते ते न झटकता. नवरा बरा आहे, पण रात्री दोघं कुजबुजत भांडतात, त्यांना वाटतं ऐकू येत नाही, डक्टमधून सगळं येतं. विषय एकच, सासूबाईंनी राहायला कधी यायचं. फोनवर आईशी बोलताना सांगते पोळ्या केल्या, आणि खाली ब्रेडवाल्याची पिशवी. काहीतरी लिहीत असते, दुपारी, लपून, जसं काही आम्ही वाचणार आहोत..."

"काकू," मी म्हटलं.

"थांब गं, तुझ्याच भल्याचं सांगतेय. साहेब, मनाने फार चांगली आहे. पोरीवर जोरात ओरडली की नंतर स्वतःच गॅलरीत जाऊन रडते. मग ती एवढीशी पोर हिला पेल्यातून पाणी नेऊन देते. अर्धं सांडत. मी बघते ना."

हवालदार लिहायचे थांबले होते. शेजारच्या टेबलावरच्या महिला पोलीस शिपाई उन्नतीकडे बघत होत्या. आयुष्यात कधी मला एवढं ओळखलं गेलं नव्हतं, आणि पुन्हा कधी ओळखलं जाऊ नये अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे.

"पुरे, पुरे," हवालदार म्हणाले. "या परिचित आहेत. आणि तो वरचा मुलगा? त्याच्याबद्दल काही?"

"विघ्नेश? त्याचं तर काय सांगू. कारखान्याचे ते लोखंडी टोकाचे बूट असतात ना, धाडधाड वाजणारे? दुपारी शिफ्टला निघतो तेव्हा वरूनच हातात घेऊन, अनवाणी उतरतो. पार खाली फाटकापाशी जाऊन घालतो. एकदा मी दार उघडून विचारलं, काय रे, जिना काय देवळाचा आहे? तर म्हणाला, काकू, खालच्या ताईंची छोटी झोपलेली असते ह्या वेळी." काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत नव्हतं?"

उन्नतीने माझ्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं. ते काढायच्या निमित्ताने मी खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले.

शेरे बदलले. पण दिनानाथ काकांचा कागद तेवढ्याने खांबावरून उतरला नाही. 'समितीपुढे विषय ठेवावा लागेल' म्हणाले. ठेवला. समितीत मी पुन्हा उभी राहिले, या वेळी काही पाठ न करता.

"नियम असू दे," मी म्हटलं. "नियम चांगला आहे. पण मी तो मांडला तेव्हा एकाच माणसाकडे बघून मांडला होता. आणि पोलीस आले तेव्हा त्यालाच मी ओळखत नाही म्हटलं. आज त्याचं घर जातंय ते त्याच्या चारित्र्यामुळे नाही, माझ्यामुळे जातंय."

दिनानाथ काकांनी घसा साफ केला. "हे... इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या," मी म्हटलं.

"घ्या, घ्या," थेरेसा टीचर म्हणाल्या. "नि त्याच्या खाली तुमीबी सही करा, दिनानाथ. तुमीबी त्याला वळखत नव्हते. आमी तरी कुठे वळखत होतो? त्या दिवशी मला पाण्यातून बाहेर कोनी काढला, इचारला काय कोनी?" आणि मग रुमालाने नाक पुसत, "तोच व्हता. व्हिडिओत तोंड नाय दिसत. पाठमोरा हाय."

करार झाला. पुढचे अकरा महिने आमच्या डोक्यावर तोच आहे. रविवारी तो रेघेच्या आत असतो, मीही असते. मी आत पाऊल टाकलं की उन्नती अजून एकदा माझ्या पायांकडे आणि एकदा टीचरकडे बघून खात्री करून घेते.

माझं प्रमाणपत्र आलं. त्यानुसार माझ्याविरुद्ध काही आढळलेलं नाही आणि मी सुरक्षा रक्षक या कामासाठी योग्य आहे. तिवारीजींना दाखवलं. दोन्ही हातांनी धरून वाचलं त्यांनी, मग मला परत दिलं आणि फाटक उघडलं. पूर्वीसारखं धावत नाही, पण उघडलं.

विघ्नेश मला काहीच म्हणाला नाही. आधीसारखंच 'ताई' म्हणतो. मीच त्याच्या नजरेला नजर देताना काहीतरी विसरल्यासारखी पर्स चाचपत बसते. गाव विचारलं त्याचं. गुहागरच्या बाजूचं आहे. आडनावही वाचलं, बेलच्या खालचं.

आज हे लिहिताना इथपर्यंत आले आणि जाणवलं, जिन्यात काहीतरी आहे. आवाज नव्हता. या वेळेला दर दुपारी आवाज नसतोच. काकूंनी चौकीत सांगेपर्यंत त्या शांततेला मी उन्नतीचं नशीब समजत होते. उठले, दाराच्या भिंगाला डोळा लावला. वरून तो येत होता. अनवाणी, एका हातात डबा, दुसऱ्या हातात ते काळे बूट, नाड्या एकमेकींना बांधलेल्या, वाजू नयेत म्हणून पोटाशी धरलेले. आमच्या दारासमोर आला तेव्हा तो आणखी हळू झाला.

मी साखळी काढली. साखळीचा आवाज झाला, तो दचकून थांबला.

"अरे विघ्नेश," मी म्हटलं, "बूट घाल. जागीच आहे ती."

"खरंच?"

"केव्हाची."

तो आमच्या पायपुसण्यावर बसला, नाड्या सोडवल्या, बूट घातले. "येतो ताई," म्हणाला आणि उतरायला लागला. धाड, धाड, धाड. सुनंदा काकूंचं भिंग काळं झालं. पहिल्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडलं. तो तळमजल्यावर पोहोचायच्या आत आतल्या खोलीतून हंबरडा आला, पूर्ण झोपेतून अर्धवट उठवल्याचा, कितीतरी वेळ समजूत काढावी लागणारा.

आले गं, आले.